मायची हाक

माझा भाऊ वाल्मिक याच्या रॉक बँडचा पहिला अल्बम काल शहरातल्या पॉश वेसू भागातल्या एका कॅफेत रिलीज झाला. सगळी गाणी अहिराणीत, कारण साहेबांना हल्ली मातीची ओढ लागली आहे. पहिलं गाणं सुरू होतं ते आमच्या लिंबायतच्या कामगार वस्तीतल्या घरात गुपचूप रेकॉर्ड केलेल्या मायच्या हाकेनं: "जेवी ले रे वाल्मिक, भाकर थंडी व्हयनी." लोकांनी शिट्ट्या मारल्या. वाल्मिक डोळे मिटून, छातीवर हात ठेवून उभा.

तेवढ्यात माय दारातून आत आली आणि तशीच अहिराणीत हाक मारून म्हणाली, "वाल्मिक, कोठे बसू रे?"

तो लगबगीनं स्टेजवरून उतरला आणि तिच्या कानाशी लागला.



"मम्मी, हिंदी में बोलो. लोग सुन रहे हैं."