पुढच्या सभेत

नगरपरिषदेच्या सभेत नगरसेवकांची मानधनवाढ एकमताने मंजूर झाली. मग बाजारातल्या उघड्या गटाराचा विषय निघाला.

"तो पुढच्या सभेत घेऊ," नगराध्यक्ष म्हणाले.

द्वारकाबाईंनी समोरची फाईल मिटली. त्यांचे यजमान नगरसेवक असताना हेच म्हणाले होते, आणि त्याच पावसाळ्यात त्या गटारात वाहून गेले होते. पोटनिवडणुकीत त्यांच्या जागी द्वारकाबाई निवडून आल्या.

त्या उठून म्हणाल्या, "विषय आत्ताच घ्या. तोवर मी इथून हलणार नाही."

"वहिनी, आधी जेवून घेऊ," म्हणत सगळे हसत बाहेर पडले. शिपायाने पंखे बंद केले.

शेजारची खुर्ची हलकेच सरकली. चिखलाचा वास आला.

द्वारकाबाईंनी वळून पाहिलं नाही. "बसा," त्या म्हणाल्या. "सगळे जेवून आले की आपण दोघं सांगू."