दांड्यावरचा हात

आत्या आणि कप्तान समोरासमोर बसले, आतलं दार लागलं, आणि दोघांनी आपापल्या बाजूचा दांडा धरला.

दांडा साधाच. लोखंडी, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. दोघांपैकी कुणीही ओढला तरी बाहेरचं दार उघडायचं, आणि बाहेर नुसती पोकळी. आधी हवा जायची, तिच्यामागोमाग माणसं. अंतराळातल्या या नाक्यावर ना पोलीस होते, ना कोर्ट. पलीकडच्या वस्त्यांकडे जाणारं प्रत्येक जहाज इथेच टेकायचं, आणि माल चोराचा असो की सावाचा, इथूनच पुढे जायचा. म्हणून मोठा सौदा असला की लोक या दोन दारांमधल्या खोलीत येऊन बसत. बोलणं पटलं की दोघांनी तीनपर्यंत मोजायचं आणि एकदम हात सोडायचा. तीच सही, तोच शिक्का. इथे बसून खोटं बोलायला सहसा कुणाची जीभ रेटत नसे.

आत्याचा सौदा मालाचा नव्हता. ती सगळ्यांच्या अंतराळपोशाखांना ठिगळं लावायची, त्यामुळे अख्खा नाका तिला आत्या म्हणायचा. पण खरी आत्या ती एकीचीच, आणि ती भाची आत्ता आतल्या दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. पोर विशीतली, इंजिनात हात काळे करणारी. या कप्तानाच्या जहाजावर मेकॅनिक म्हणून जायचंच, असं तिनं डोक्यात घेतलं होतं.

"तिला स्वतंत्र खोली पाहिजे," आत्या म्हणाली. "आतून कडी लागणारी."

"आहे."

"काम नाही जमलं तर परतीच्या जहाजात बसवून द्यायचं. मधेच कुठे उतरवायचं नाही."

"नाही उतरवणार."

"आणि सकाळी उठल्या उठल्या तिच्याशी कुणी बोलायचं नाही. चहा होईपर्यंत ती माणसात नसते."

कप्तान पहिल्यांदाच हसला. "हे खलाशांना सांगून बघतो, आत्या. वचन नाही देत."

उत्तर आत्याला आवडलं, आणि आवडलं म्हणून तिला रागही आला. ती खोट काढायला आली होती. या माणसाबद्दल नाक्यावर कुणी वाईट बोलत नव्हतं, पण चांगलं तरी कोण बोलत होतं? अर्धी हयात ज्याची बाहेर गेली, त्याला ओळखणार कोण. एखादा शब्द वाकडा निघाला असता तर ती पोरीला सरळ नाही म्हणणार होती.

"मग, झालं?" कप्तानानं विचारलं.

"झालं."

"एक," दोघं म्हणाले. "दोन. तीन."

कप्तानानं हात सोडला. आत्याचा हात दांड्यावरच राहिला.

तिनं ठरवून केलं नव्हतं. बोटंच ऐकेनात. काचेपलीकडे भाचीमागे जमलेल्या लोकांचं बोलणं थांबलं. असं पूर्वी एकदा झालं होतं, आणि ते पाहिलेले लोक अजून या खोलीकडे पाठ करून चहा पितात. कुणीतरी भाचीला दंड धरून मागे ओढलं. ती झटका देऊन सुटली आणि पुन्हा काचेशी आली.

कप्तान दांडगा माणूस. आत्याचं मनगट त्याच्या हाताच्या टप्प्यात होतं. एक हिसडा दिला असता तर काडीसारखं मोडलं असतं, आणि त्याला कुणी नावंही ठेवली नसती. तो आत्याच्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं आपले दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले.

"सुटत नाहीये," आत्या ओशाळून म्हणाली. "मुद्दाम नाही करत मी."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"नाही माहीत," कप्तान म्हणाला. "पण मला घाई नाही."

आत्याला रडू आलं. पोर गेली की शिलाई मशीनशेजारचं अंथरूण उद्यापासून उलगडायचं नाही, आणि सकाळी गप्प राहायला समोर कुणी नसेल. एवढंच होतं ते. पण एवढंच तिला झेपत नव्हतं. तिनं डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताची बोटं करंगळीपासून एकेक करून उचलली. शिवण उसवावी तशी.

आतलं दार उघडताच भाची तिच्या अंगावर आली. "वेड लागलं होतं का तुला? सगळ्यांचा जीव टांगणीला लावलास!"

"होय गं बाई. लावला," आत्या म्हणाली आणि तिला जवळ घेतलं.

कप्तान दोघींच्या बाजूनं निघून गेला. समोरच्या टपरीवर जाऊन त्यानं चहा मागितला. भाचीच्या खांद्यावरून आत्या त्याच्याकडे बघत होती. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बोटांवर सांडत होता. त्यानं कप खाली ठेवला, हात विजारीला पुसले, कुणी बघत नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि पुन्हा उचलला. पुन्हा सांडला.

"जा तू त्याच्याबरोबर," आत्या म्हणाली.

"खरंच?" भाचीनं मान मागे घेतली. "एवढ्यात काय पाहिलंस त्याच्यात?"

"तिकडे बघ ना. मरणाचा घाबरलाय," आत्या म्हणाली. "तरी माझ्या हाताला हात नाही लावला."