उशाशी बेल

काकांनी ओल्या फडक्याने भिंतीवरची खडूची खूण पुसली, तेव्हा वायरमनने हातातली छिन्नी खाली ठेवली. चार दिवसांत ही तिसरी वेळ होती.

घरातलं सगळं जुनं वायरिंग काढून नवं टाकायचं होतं. सोमवारी गवंडी गिलाव्याला येणार, म्हणजे त्याआधी भिंतीत झिऱ्या पाडून पाइप बसायलाच हवेत. हॉलमधले पॉइंट पाच मिनिटांत ठरले. इंटरनेटची केबल कुठून न्यायची, राउटर कुठे टांगायचा, यावर काका अवाक्षर बोलले नाहीत. घोडं अडलं ते पलंगाच्या डोक्याशी.

वायरमन तिथे बेलच्या बटणाची खूण करायचा आणि स्वयंपाकघरात बेलची. काका दोन्ही पुसायचे आणि उशाशी स्वतः लिहायचे, ‘बेल’.

वायरमनने शक्य तितक्या शांतपणे पुन्हा समजावलं, की उशाशी बटण असतं, बेल नव्हे. बेल काकूंना ऐकू जायला हवी.

“मला ऐकू यायला हवी,” काका म्हणाले. “आणि सेलवरची लाव. लाइट गेली तरी वाजली पाहिजे.”

“आणि बटण कुठे?”

“बटणाचं तू सोड.”

वायरमनने कपाळावर हात मारला. या भावांच्या घरात पाऊल टाकलं हीच चूक, असं त्याला वाटलं. गेल्या महिन्यात भिंतीपलीकडे काकांच्या थोरल्या भावाचं काम केलं, तिथेही त्याचं असंच डोकं उठलं होतं. पहिल्या दिवशी काकांनी चहा देऊन पलीकडे काय काय केलंस म्हणून खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्याने सगळं गाऱ्हाणं ओकून टाकलं होतं.  ते ऐकून काका मोजायचा टेप घेऊन आत गेले.

काकूंचा पारा तर केव्हाच चढला होता. चाळीस वर्षं यांच्या एका हाकेसरशी धावले, आता घंटी वाजवून बोलावणार का, असं त्या भांडी आपटत विचारत होत्या. बेल लागली त्या दिवशी लेकीकडे निघून जाईन, हे त्यांनी सांगून टाकलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलीही होती.

“मोठे भाऊजी एकटे. न्हाणीघरात पडले तेव्हा दवाखान्यात डबा मी नेला,” त्या वायरमनला म्हणाल्या. “हे पायरीसुद्धा चढले नाहीत. नऊ वर्षं अबोला. आणि आता स्वतःच्या उशाशी मात्र सगळी सोय हवी.”

काका मान खाली घालून टेप उलगडत राहिले. कोपऱ्यापासून अडीच फूट, जमिनीपासून तीन. तिथे त्यांनी फुली मारली.

“इथे खोद. बेलची वायर इथेच न्यायची.”

“काका, पुढे नुसती भिंत आहे.”

“खोद म्हटलं ना.”

वायरमनने वाद सोडला. लावू बेल, घेऊ पैसे, होऊ मोकळे. त्याने उशाशी बेल ठोकली, सेल घातले आणि सगळा राग छिन्नीवर काढला. वीतभर आत गेल्यावर विटांमधून वायरचं टोक बाहेर आलं. त्यावर लाल चिकटपट्टी होती, त्याच्याच हातची.

गेल्या महिन्यात पलीकडच्या पलंगाशी त्याने एक बटण बसवलं होतं. बेल कुठे लावू विचारलं, तर थोरले म्हणाले होते, “बेल राहू दे. वायर भिंतीत सोडून ठेव.”

त्याने गुपचूप दोन्ही टोकं जोडली. काकू बॅग उचलायला वाकल्या होत्या, तेवढ्यात बेल वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

काका चपला न घालताच बाहेर पडले.