दहापैकी सात

“सर, हे सगळे कॅलक्युलेटर वापरतायत.”

प्रज्ञाने हे उभं राहून, इंग्रजीत, खणखणीत आवाजात सांगितलं आणि अबुधाबीतल्या त्या कॉलेजच्या उन्हाळी वर्गातली सव्वीस डोकी एकदम तिच्याकडे वळली. मग जो हशा पिकला तो काही केल्या थांबेना. शेजारच्या खुर्चीतला दाढीवाला सैफ तर डोळे पुसत होता, आणि तो वयाने तिच्या मामाएवढा असेल.

बिचारीचं तरी काय चुकलं? ती तिथल्या भारतीय शाळेतली, अकरावीची. तिच्याकडे परीक्षेत कॅलक्युलेटर सापडला तर सरळ कॉपीची केस. मोठाले गुणाकार-भागाकार करायचे ते लॉग टेबलच्या पुस्तकात आकडे शोधून, आणि उत्तरात शून्यं किती येतील ते आपलं आपण डोक्याने ठरवायचं. सुट्टीत कॉलेजच्या केमिस्ट्रीला बसायचं म्हणून तिने महिनाभर आईबाबांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी सुदानचे प्राध्यापक उस्मान एका अटीवर तयार झाले. पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाबरोबर चाचणी, दहा प्रश्न, चाळीस मिनिटं. सात बरोबर आले तर वर्गात राहा, नाहीतर आधी शाळा संपव.

सरांनी हसू आवरत सांगितलं की इथे कॅलक्युलेटर चालतो, आणि स्वतःचाच तिच्यापुढे ठेवला. त्यावर इतकी बटणं होती की ते शिकण्यातच चाळीस मिनिटं गेली असती. तिने तो अदबीने बाजूला सरकवला आणि आपलं लॉग टेबल उघडलं. कान अजून तापलेलेच होते. पण प्रश्न वाचले आणि तिला आतून उकळ्याच फुटायला लागल्या, कारण सगळे येत होते. सोन्याच्या एका अणूचं वजन काढा म्हणे! बोट रकान्यांतून सुसाट धावायला लागलं. आपण कॉलेजात बसलोय, युनिफॉर्म नाही, दोन वेण्या नाहीत, आणि पेपर सोपा जातोय, हे सगळं एकदम सुचून तिला मध्येच हसू आलं.

सातवं गणित संपलं आणि सर म्हणाले, “यल्ला, खलास. वेळ संपली.”

उरलेली तीन तशीच राहिली. म्हणजे आता सातातलं एकही चुकून चालणार नव्हतं.

सर तिथेच पेपर तपासायला बसले. मध्येच थांबून त्यांनी चष्मा काढला. “तुमच्यातल्या चौघांचा सोन्याचा अणू,” ते म्हणाले, “या देशातल्या कुठल्याही ट्रकला उचलायचा नाही. भागायच्या जागी गुणलंत, यंत्राने आकडा दिला आणि तुम्ही तो उतरवलात.” सैफने मान खाली घातली. मग सरांनी प्रज्ञाचा कागद वर धरला. “हिचा अणू मात्र अणूएवढाच आहे.”

या वेळी कोणी हसलं नाही.

पेपर हातात आला तेव्हा तिने बरोबरच्या खुणा मोजल्या. सात. पुन्हा मोजल्या, तरी सातच. ओरडावंसं वाटत होतं, पण ती तशीच बसून राहिली. वर्ग रिकामा झाला. सर फळा पुसत होते. ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

“सर, मग मी उद्या येऊ?”

सरांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. “मला कशाला विचारतेस? इथे कोणी विचारत नाही. ज्याला यायचं असतं तो येतो.”

प्रज्ञाने दप्तर उचललं. दाराशी पोचल्यावर ‘मे आय गो, सर’ सवयीने ओठांपर्यंत आलंच होतं. तिने ते गिळलं, आणि जन्मात पहिल्यांदाच, कोणाला न विचारता वर्गाबाहेर पडली.