पहिली बास्केट होईपर्यंत

सामना सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि मिलब्रूक कॉलेजची एकही बास्केट झाली नव्हती. त्यामुळे सगळं स्टेडियम उभं होतं. आपल्या पोरांची पहिली बास्केट होईपर्यंत कुणी बूड टेकायचं नाही, हा इथला रिवाज. ऑर्व्हिल स्टेक्लर तो या वयातही पाळायचा. त्याचा डावा गुडघा मात्र आता कुरकुरायला लागला होता.

नवा कोच टॉलिव्हर याचा हा पहिलाच सामना. ऑर्व्हिलने मुलीला फोनवर सांगून ठेवलं होतं, "हा बरा निघाला तर मी इथंच राहतो. नाहीतर नाताळनंतर घर विकून तुझ्याकडे ॲरिझोनाला येतो." मुलीला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. बायको ग्लेंडा गेल्यापासून या गावात त्याला धरून ठेवणारी ही टीम एवढीच उरली होती.

शेजारची खुर्ची ग्लेंडाची. यंदा त्याने तिचं हंगामाचं तिकीट सोडून दिलं, कारण रिकामी खुर्ची बघवत नव्हती. आता तिथं कुणी दुसरीच बाई उभी होती, तेही बघवत नव्हतं.

"त्या प्रुइट कोचचे दिवस परत आले," तो मागच्या रांगेतल्या डेलला म्हणाला. घर विकायचा बेत या जुन्या मित्रालाही ठाऊक होता.

"घोडामैदान जवळच आहे. बघू की," डेल म्हणाला.

कोचची लायकी ऑर्व्हिल प्रेक्षकांच्या पायांवरून, म्हणजे त्यांना किती वेळ उभं राहावं लागतं त्यावरून ठरवायचा. जुना कोच व्हॉस याच्या काळात अंगातला कोट काढायच्या आत बास्केट व्हायची. त्याने देशाचं अजिंक्यपद आणलं, म्हणजे तो देवच. त्याच्या जागी आलेला प्रुइट सगळ्या गावाला ताटकळत उभं ठेवायचा. मग आला केसलर. जरा जिंकायला लागला आणि मोठ्या कॉलेजने बोलावताच पळाला. पण दगडापेक्षा वीट मऊ.

"प्रुइटला नावं ठेवू नका," शेजारची बाई समोर बघतच म्हणाली.

"का? तुमच्या नात्यातला का?"

"मी इथं गणित शिकवायचे. प्रुइटची पोरं सकाळच्या तासाला पहिल्या बाकावर असायची. तुमच्या व्हॉसची पोरं मला फक्त पोस्टरवर दिसली."

डेल खो-खो हसला. ऑर्व्हिलचे कान तापले.

"बाई, गणिताचे मार्क स्कोअरबोर्डावर लावत नाहीत."

"लावले असते तर प्रुइटच्या वेळी तुम्ही कधीच खाली बसला असतात."

ग्लेंडानंतर त्याला असं कुणी फटकारलं नव्हतं. त्याला राग यायला हवा होता, पण बरं वाटलं. तो वाद घालायला सरसावला. व्हॉस पंचांवर ओरडायचा ते बरोबरच होतं, त्याशिवाय पंच सरळ येत नाहीत, असं त्याने सांगितलं. तिने मान हलवली.

"प्रुइट कुणावर ओरडला नाही. हरला तरी समोरच्या टीमला त्यांच्या बसपर्यंत पोचवायला जायचा."

"पाहुण्यांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून तर हरायचा."

ती इतक्या मोकळेपणाने हसली की तिच्या हातातले पॉपकॉर्न सांडले. मग नावं विचारून झाली. तिचं नाव लोइस हार्टमन. नवरा गेल्यापासून घरी टीव्हीसमोर एकटीने सामना बघायचा कंटाळा आला, म्हणून यंदा पहिल्यांदाच तिने हंगामाचं तिकीट काढलं होतं.

"टीव्हीशी भांडून काही मजा येत नाही," ती म्हणाली.

"तो उलट उत्तर देत नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

आता तो मैदानाकडे जवळजवळ पाठ करून तिला केसलरची पापं बोटांवर मोजून दाखवत होता. ती प्रत्येक बोटाला हरकत घेत होती. एवढ्यात डेलने त्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"ए ऑर्व्ह, खाली बस की आता. काही दिसत नाही आम्हाला."

"बास्केट होऊ दे, मग बसतो."

"चार झाल्या."

ऑर्व्हिलने वळून पाहिलं. सगळं स्टेडियम आरामात बसलेलं होतं. उभी होती ती दोघंच. लोइस चटकन बसली आणि तिने तोंडावर हात धरला. ऑर्व्हिलही बसला. आपला गुडघा दुखत होता, हे त्याला बसल्यावर आठवलं.

मिलब्रूक त्या दिवशी सपाटून हरलं. शेवटी शेवटी तर लोक उठून निघाले होते. गाड्यांपाशी डेलने ऑर्व्हिलला गाठलं. लोइस थोडी पुढे उभी राहून गळ्याला स्कार्फ गुंडाळत होती आणि केसलरबद्दलचा वाद अजून संपलेला नव्हता.

"मग?" डेल म्हणाला. "हा तर प्रुइटपेक्षाही वाईट. घर कधी विकतोस?"

"अरे, पहिल्याच सामन्यावरून कुणी निकाल लावतं का?" ऑर्व्हिल म्हणाला. "चार-पाच वर्षं तरी इथं राहून बघावं लागेल."