नायकाची बायको

"कादंबरी छान आहे, पण नायक पार झाकोळून गेलाय," संपादक बाई म्हणाल्या. "त्याची ती बायको! सबंध पुस्तकात एकदाही समोर येत नाही, नुसती स्वयंपाकघरातून ओरडते, 'अहो, गीझर बंद केलात का?' आणि सगळा भाव खाऊन जाते. आमच्या ऑफिसात आता जो तो एकमेकांना तेच विचारतोय."

चुरगळलेल्या शर्टातला लेखक हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

"हसू नका सर. हे असं नाही छापता येणार. तिला दुसऱ्या प्रकरणातच मारून टाका. ती गेली की सगळं त्याच्या एकट्यावर येईल. मग बघा, हा कसा कामाला लागतो ते."

लेखकाचं हसू मावळलं. त्यानं टेबलावरचे कागद गोळा केले, छातीशी धरले आणि तो निघाला. दारापाशी जाऊन थांबला.

"काही कामाला लागत नाही हो तो," लेखक म्हणाला. "वर्ष होत आलं. गीझर दिवसदिवस चालू राहतो, आणि आतून कोणी ओरडत नाही."