ताक-भाकरीचा लांडगा

जर्मनच्या लढाईचं दुसरं साल. धुळा धनगराला काष्टीच्या माळावर लांडग्याचं पिल्लू सापडलं. "लांडग्याचं रगत हाय. ह्योच आता माजी मेंढरं राखील," असं सगळ्या बाजाराला सांगून त्यानं ते बायकोच्या, ठकूच्या, ओटीत टाकलं. पिल्लू कोकरांत लोळत, ताक-भाकरी खात वर्षभरात चांगलं दांडगं झालं.

एक दिवस भरदुपारी माळावरचा लांडगा कळपात घुसला. ठकूनं काठी हाणून त्याला पिटाळलं. पाळलेला लांडगा तिच्या लुगड्यामागं थरथरत उभा.

"काय खायला घातलंस गं ह्याला? लईच भित्रा निघाला!" धुळा ओरडला.

"तुमाला वाढते त्येच," ठकू वर बघत म्हणाली. "गेला त्यो. उतरा आता बाभळीवरनं, आन् काटं बगून उतरा."